ज्याअर्थी आमच्या गावात छकडी पळते

यात्रा कमिटीत माझं काम ठरलेलंय, कागद. वर्गणीला दुसरी पोरं, मांडव-लाईट बघायला तिसरी, आणि कागद म्हटलं की "पतसंस्थेतल्याला द्या". मी विट्याला एका पतसंस्थेत क्लार्क आहे, गाव तिथनं वर घाटमाथ्यावर, आणि गावात क्लार्क म्हणजे अर्धा वकील असं धरून चालतात. त्यामुळं २०२५ च्या चैत्रातल्या यात्रेला छकडीचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, मैदान घ्यायचं ठरलं तेव्हा परवानगीची फाईल कुणी न विचारताच माझ्या मांडीवर येऊन पडली.

मला वाटलं एक अर्ज, एक पोलीस स्टेशनचा दाखला, झालं. पण यादी बघितली तर अर्ज कलेक्टरांच्या नावानं, अॅफिडेव्हिट, ५० हजार अनामत, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी, धावपट्टी १००० मीटरच्या वर नको, चाबूक नको, टोचणी नको, शॉक नको, शेपटी पिरगाळायची नाही, वर चित्रीकरण. आणि हे मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड नाहीतर ३ वर्षांपर्यंत आत. हे शेवटचं मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा मंडपात एकदम शांतता झाली, मग कुणीतरी मागनं म्हणालं, "अर्जावर सही पतसंस्थेतल्याचीच घ्या."

तर पहिला अर्ज मी रात्री जेवण झाल्यावर बसून लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, आणि मग लिहिलं की ग्रामदैवताच्या यात्रेनिमित्त ग्रामस्थांच्या करमणुकीसाठी छकडी शर्यतीचं आयोजन करण्याचं योजिले आहे. "योजिले" वर मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी टायपिंगला दिला, तिथल्या ताई अर्ज टाईप करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, दादा, करमणूक नका लिहू. म्हटलं का, यात्रा म्हणजे करमणूकच की. त्या म्हणाल्या, "तसं नाही, कायद्यात शर्यत कशासाठी ते लिहिलंय, त्याच्याशी जुळलं पाहिजे. तुम्ही वाचलाय का कायदा?" आता कायदा कोण वाचतं? मी तर लोन अॅग्रीमेंट रोज लोकांकडनं सही करून घेतो ते सुद्धा पूर्ण कधी वाचलेलं नाही.

पण ताईंनी बोलल्यावर जरा लाजच वाटली. एक वकील मित्र आहे, कॉलेजचा, आता विट्यातच प्रॅक्टिस करतो, त्याच्याकडं गेलो. त्यानं चहा सांगितला आणि चार पानं प्रिंट काढून हातात दिली. म्हणाला, लेका, हा आपल्या महाराष्ट्राचा २०१७ चा दुरुस्ती कायदा, मूळ कायदा केंद्राचा १९६० चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून केलेला, त्यात आपल्या राज्यापुरता बदल केलाय. व्याख्या वाच आधी.

व्याख्या मी तीनदा वाचली. कायद्याच्या भाषेत एक वाक्य संपत नाही, आमच्या आण्णांच्या गोष्टीसारखं. पण त्याचा अर्थ असा की परंपरा आणि संस्कृती पाळायच्या दृष्टीनं, ज्या जिल्ह्यात ती परंपरेनं होत आलेली आहे तिथं, कलेक्टरांनी आधी मंजूर केलेल्या जागेवर जी बैलांची शर्यत होते, बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट अशा नावांनी जी ओळखली जाते, ती. म्हणजे कायद्यानं काय केलं बघा, कारणच व्याख्येत घालून टाकलं. बैल पळाले म्हणजे शर्यत असं नाही, परंपरेसाठी पळाले तर शर्यत. मी लिहिलेल्या करमणुकीला त्यात जागाच नव्हती. पुण्याकडचा बैलगाडा, आमची छकडी, विदर्भाचा शंकरपट तिन्ही नावं एका ओळीत आणि माझं "योजिले" बाहेर.

मित्र म्हणाला, आता मजा बघ. कायदा होण्याआधी ते विधेयक असतं, बिल. बिल सभागृहात मांडतात तेव्हा कलमं संपली की मागं एक पान-दीड पान जोडलेलं असतं, "उद्देश व कारणे यांचे निवेदन". हा कायदा का आणतोय, अडचण काय होती, त्यावर उपाय काय, असं सगळं, आणि शेवटी ठरलेलं वाक्य असतं की वरील उद्दिष्टं साध्य करणं हा या विधेयकाचा हेतू आहे, खाली खात्याच्या मंत्र्याचं नाव नि तारीख. त्याच्या मागं आणखी दोन ज्ञापनं, एक कुठले अधिकार सरकारकडं सोपवले त्याचं आणि एक खर्चाचं. आपल्याकडं कीर्तनात आधी अभंग आणि मग निरूपण असतं ना, तसं. पण गंमत अशी की आमदार मतं देतात ती कलमांना, ह्या निरूपणाला नाही. त्याला दुरुस्ती सुचवत नाहीत, ते मंजूर होत नाही, आणि कायदा छापून आला की ते पान गळून जातं. त्यामुळं कायद्याच्या पुस्तकात तुला कलम सापडेल, पण का केलं ते शोधायला जुन्या राजपत्रातलं बिल काढावं लागतं.

मला हे फार विचित्र वाटलं. म्हणजे सगळ्यात वाचण्यासारखं पान तेच आणि तेच फेकून देतात?

तो म्हणाला फेकत नाहीत रे, कोर्ट काढतं ना शोधून. आणि मग त्यानं जे सांगितलं त्यात माझा अर्धा शनिवार गेला. पण इथं छकडीचा खरा पेच असल्यामुळं मला ते नीट समजून घ्यायचं होतं, कारण बंदी आली ती पण आम्ही भोगली आणि उठली ती पण.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टू, म्हणजे तमिळनाडूतला बैल पकडायचा खेळ, आणि आपल्या शर्यती दोन्ही बंद केल्या. तमिळनाडूनं त्याआधी २००९ ला जल्लीकट्टूचं नियमन करणारा कायदा केला होता, तो पण कोर्टानं केंद्राच्या १९६० च्या कायद्याच्या विरोधात जातो म्हणून रद्द केला. तेव्हा कोर्टाचं म्हणणं असं होतं की ह्यात परंपरा-संस्कृती वगैरे काही नाही. मग जानेवारी २०१७ ला चेन्नईत मरीना बीचवर पोरं बसली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, आणि तमिळनाडूनं परत कायदा केला, पण ह्या वेळी वेगळ्या पद्धतीनं. नुसतं नियमन नाही, तर सुरुवातीलाच उद्देशिकेत लिहिलं की तमिळनाडूचा सांस्कृतिक वारसा जपायचा आहे आणि देशी बैलांच्या जाती टिकवायच्या आहेत. आपल्या विधानसभेनं एप्रिल २०१७ मध्ये आपला कायदा मंजूर केला. हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीतला असल्यानं आणि केंद्राचा कायदा आधीपासून असल्यानं राष्ट्रपतींची संमती लागते, ती जुलैत मिळाली. म्हणजे का करतोय हे राज्यानं आधी स्वतःच्या सभागृहाला सांगायचं आणि मग दिल्लीलाही सांगायचं, की तुमच्या कायद्याशी आमचं इथं इथं जुळत नाही पण आम्हाला हे पाहिजे, ह्या ह्या कारणानं.

तरी शर्यती लगेच सुरू झाल्या नाहीत, हायकोर्टात स्टे आला, तो राहिला पार १६ डिसेंबर २०२१ पर्यंत. त्या मधल्या काळात आमच्याकडं काय वातावरण होतं ते बाहेरच्याला कळणार नाही. शेजारच्या आटपाडी तालुक्यात झरे इथं ऑगस्ट २०२१ ला बंदी असताना पहाटे पहाटे शर्यत झाली, ती राज्यभर गाजली. आमच्या गावात एकानं बैलजोडी खरसुंडीच्या पौषी यात्रेत विकली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

आणि मग १८ मे २०२३ चा निकाल, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. मित्रानं त्यातला एक मुद्दा बोट ठेवून दाखवला. जल्लीकट्टू संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवायला सामाजिक-सांस्कृतिक अभ्यास लागतो, तो कोर्टाचं काम नाही, आणि विधिमंडळानं तसं ठरवलंय, कायद्याच्या उद्देशिकेत तसं जाहीर केलंय, तर आम्ही विधिमंडळाचं मत खोडून काढणार नाही. अशा अर्थाचं. तमिळनाडूबरोबर महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा, तिन्ही कायदे टिकले.

मी म्हटलं, म्हणजे नऊ वर्षांत बैल तेच, छकडी तीच, आणि बदललं काय तर सुरुवातीचं वाक्य?

तो हसला. म्हणाला नुसतं वाक्य नाही, नियम पण बदलले, आता जे चाबूक-शॉक बंद आहेत ते त्यातूनच आलंय, कोर्टानं ते पण बघितलं. पण हो, वाक्याचं वजन आहे. मग त्यानं आणखी एक सांगितलं, २००५ चा गुजरातच्या गोवंशाच्या कायद्यावरचा सात न्यायमूर्तींचा निकाल, त्यात असं धरलंय की उद्देशिकेत आणि उद्देश-कारणांच्या निवेदनात जी वस्तुस्थिती लिहिलेली असते ती विधिमंडळानं काय विचार केला त्याचा पुरावा असते, लोकांच्या प्रतिनिधींनी आजूबाजूला काय बघितलं ते त्यातून कळतं. पण उलटी बाजू अशी की १९५२ सालापासून कोर्ट हेही सांगत आलंय की कलमाचा सरळ अर्थ लागत असेल तर निवेदन पुढं करून तो वाकवायचा नाही. म्हणजे निवेदन हे पाव्हण्यासारखं, घरात मान आहे पण घराचा व्यवहार त्यानं ठरवायचा नाही. (ही उपमा माझी, वकिलाची नाही, त्याला आवडली नव्हती.)

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मोबाईलवर दुसरे कायदे बघायला लागलो की ह्यांनी काय कारण दिलं असेल. आणि पहिला शोधला तो माझ्या पगारातला. दर महिन्याला प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. सोळा वर्षं कापतायत आणि मी कधी विचारलं नाही कशाचे. तर तो १९७५ चा कायदा, व्यवसाय कराचा, आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला! शहरातल्या नोकरदारानं थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या बिनकामाच्या माणसाला काम द्यायचं. मला एकदम माझ्या सॅलरी स्लिपमध्ये आज्जी दिसली.

कारण आज्जी ७२ च्या दुष्काळात कामावर होती. तिचं माहेर विसापूरच्या बाजूचं, तासगाव तालुका, आणि रोजगार हमी ज्यांच्या डोक्यातून आली ते वि. स. पागे त्याच विसापूरचे. विधान परिषदेचे कितीतरी वर्षं सभापती होते, आणि साठच्या दशकात त्यांनी आधी तिकडंच ते करून बघितलं होतं. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. त्याचं लांबलचक शीर्षक मी आज्जीला वाचून दाखवलं, ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. की ग्रामीण भागात जी जी प्रौढ माणसं अंगमेहनतीचं काम करायला आपणहून तयार असतील त्यांना कामाची हमी देऊन कामाचा हक्क मिळवून देण्यासाठी परिणामकारक तरतूद करण्याकरता हा कायदा.

मला ते वाचून खरंच भारी वाटलं होतं. एका वाक्यात कुणाला, काय आणि का, सगळं. "करणे इष्ट आहे" वगैरे गुळगुळीत नाही. हक्क म्हणून लिहिलंय आणि काम मागणाऱ्याच्या बाजूनं लिहिलंय.

आज्जी म्हणाली, "कवाचा म्हणलास?"

म्हटलं सत्त्याहत्तरचा.

"मग आमी खडी फोडली ती ७२ ला. काम आदी हुतं, कागद मागनं आला."

आणि ते बरोबर होतं, योजना आधी सुरू झाली आणि कायदा नंतर. म्हणजे निवेदन लिहिणाऱ्याला कारण शोधायला लागलं नसणार, ते पाझर तलावावर पाटी डोक्यावर घेऊन उभंच होतं. ती पुढं सुकडीच्या चवीवर आणि मुकादम माप कसं कमी धरायचा त्यावर गेली आणि शेंगा संपेपर्यंत मला उठू दिलं नाही.

अजून एक बघितला, कारण आमच्या भागात तो विषय घरातला आहे, साताऱ्याच्या दाभोलकर डॉक्टरांमुळं. त्या कायद्याचं नाव वाचायलाच दम लागतो, महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. तिथं नावातच अख्खा उद्देश. वर्षानुवर्षं बिल अडकलेलं, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा पुण्यात खून झाला आणि काही दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा. अध्यादेशाची भाषा ठरलेली असते, ज्याअर्थी सभागृहांचं अधिवेशन चालू नाही आणि ज्याअर्थी तातडीनं कार्यवाही करण्याची परिस्थिती आहे अशी राज्यपालांची खात्री झाली आहे. ते वाचताना मला वाटलं की काही कारणं कागदावर लिहिता येत नाहीत, ती तारखेत असतात. असो.

तर परत छकडीकडं. आता मला कळलं होतं की अर्जाबरोबर कमिटीचा ठराव जोडायचा आणि ठरावात हेतू नीट लिहायचा. मी देवळात मीटिंग लावली, कायद्याची प्रिंट ठेवली, आणि विचारलं, आण्णा, आपल्या गावात छकडी कधीपासनं पळते?

आण्णा आमचे कमिटीचे अध्यक्ष, पंच्याहत्तरी ओलांडलेले. म्हणाले, "आरं माझ्या लग्नात न्हवती. माझं लगीन ७५ चं. पालखी हुती, कुस्त्या हुत्या, तमाशा हुता. शर्यत न्हाई."

म्हटलं, आण्णा, हळू बोला. परंपरा पाहिजे आपल्याला.

"मग खोटं लिव्हतोस व्हय देवाच्या कागदावर?"

तात्या मधे पडले. तात्यांकडं अजून खिल्लार आहे, त्यामुळं ते ह्या विषयात हट्टाला पेटतात. "आण्णा, बेंदराला कर तोडायला बैलं पळत न्हवती का? ती काय चालत जायाची? पळायचीच की, वेशीतनं!" (बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा, आणि कर म्हणजे त्या दिवशी वेशीत बांधलेला दोर, तो बैलांनी तोडायचा.) आण्णा म्हणाले ती शर्यत नव्हं, तो सण. तात्या म्हणाले सण म्हणजेच परंपरा. आण्णा म्हणाले पण बक्षीस न्हवतं. मागनं एक पोरगं म्हणालं, बक्षीस नसेल तर ती जास्तच परंपरा. हे अर्धा तास चाललं. मला तर एका क्षणी वाटलं की सुप्रीम कोर्टानं हा अभ्यास आपल्याकडं नको म्हणून सांगितलं ते फार शहाणपणाचं केलं.

मग आण्णांनीच एक गोष्ट सांगितली जी माझ्या मनातनं अजून जात नाही. म्हणाले, "शर्यत सुरू झाली गावात पयला ट्रॅक्टर आला तवा. त्याच्या आदी बैल दिसभर नांगराला, मोटंला, गाडीला. सांच्याला पाय वडत यायचा. त्याला पळिवतोय कुठं? ट्रॅक्टर आला, बैल रिकामा झाला, मग पोरांनी पळवायला चालू केला."

म्हणजे बघा, आपण म्हणतो परंपरा, आणि ती सुरू झाली बैलाचं काम गेल्यावर. आणि तरी मला ते खोटं वाटत नाही. देवळातल्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद शोधायला आम्ही दोन दिवस घातले, त्यात एक पिवळं पडलेलं हँडबिल सापडलं १९८४ चं, भव्य छकडी शर्यत, प्रथम क्रमांकास रोख रुपये ५०१ व ढाल. चाळीस वर्षं झाली. चाळीस वर्षांत गावातल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या आणि एक पिढी मुंबईला गेली, ती यात्रेला परत येते ती छकडीलाच येते. ह्याला परंपरा म्हणायचं नाही तर कशाला? आणि तसंही व्याख्येत जिल्हा आहे, गाव नाही, सांगली जिल्ह्यात छकडी होत आलीय ह्यावर आण्णा पण नाही म्हणू शकले नाहीत. हे मी वकिलाला विचारूनच आलो होतो, पण भांडण रंगू दिलं, आता सांगायला हरकत नाही.

दुसरा मुद्दा देशी जातींचा, जो तमिळनाडूनं आपल्या उद्देशिकेत घातला. तात्यांचं म्हणणं तो आपल्या ठरावात पाहिजेच, शर्यत नसती तर खिल्लार कवाच संपली असती. इथं मला थोडी शंका होती आणि अजून आहे. मान्य आहे की आटपाडीच्या बाजारात आज खोंडाला जो भाव येतो तो नांगरासाठी येत नाही, पळण्यासाठी येतो, पळणारा आदत, म्हणजे अजून दात न लावलेला, खोंड असेल तर लाखांची बोली लागते. पण पळणारे बैल सांभाळणारी घरं गावात किती, बोटावर मोजण्याएवढी. बाकीच्यांच्या गोठ्यात जर्सी आहे कारण डेअरीला दूध घालायचंय. शर्यतीनं जात टिकते की त्या जातीतले चार चपळ बैल टिकतात, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला नाही, तात्यांच्या हातात काठी होती. पण ठराव लिहिताना "जतन होण्यास" च्या जागी "जतनास हातभार लागण्यास" असं लिहिलं. तेवढीच माझी प्रामाणिकता.

आता भाषा. मला वाटलं आपण पण ज्याअर्थीनं सुरू करू. तर शेवटी ठराव असा झाला: ज्याअर्थी आपल्या गावी ग्रामदैवताच्या यात्रेत किमान १९८४ पासून छकडी शर्यत होत आली आहे, आणि ज्याअर्थी या निमित्ताने परगावी गेलेले ग्रामस्थ गावी एकत्र येतात, आणि ज्याअर्थी खिल्लार जनावरांच्या जतनास यातून हातभार लागतो, त्याअर्थी ही सभा असे ठरविते की. मधला ज्याअर्थी आण्णांचा. मी म्हटलं आण्णा, हे कायद्यात नाही. ते म्हणाले, "कायद्यात नसंल, गावात हाय. ल्ही." वकील मित्रानं तो वाचला, पेन उचललं, मग ठेवलं, म्हणाला राहू दे, ह्यानं काही बिघडत नाही. करमणूक मात्र त्यानं कुठंच येऊ दिली नाही. मी म्हटलं अरे शर्यत बघून लोकांना मजा येते हे एकच तर नक्की खरं आहे. तो म्हणाला, खरं आहे म्हणूनच लिहायचं नाही, मजेसाठी जनावर पळवलं असं म्हटलं की १९६० चा कायदा उठून बसतो.

ह्यावर मी बराच विचार केला. विधिमंडळाच्या निवेदनात पण असंच होत असणार. निवडणूक जवळ आली म्हणून, मोर्चा निघाला म्हणून, शेजारच्या राज्यानं केलं म्हणून, असं कुठल्या मंत्र्यानं लिहिलंय? तिथं लोकहित लिहायचं असतं. पण एक आहे, एकदा लिहिलं की ते बांधून घेतं. आम्ही ठरावात खिल्लारचं जतन लिहिलं म्हटल्यावर मैदानाच्या दिवशी कुणी बैलाला मारायला लागला तर माईकवरनं सांगता आलं, की बाबा, जतन लिहिलंय आपण, कासरा ढिला सोड. ठराव नसता तर मी कुणाला अडवलं असतं?

बाकी फाईल मग सरळ गेली. पोलीस स्टेशन, पाटबंधाऱ्याच्या कडेच्या माळाचा नकाशा, मालकांची संमती, अनामत, सगळ्याला मिळून सव्वादोन आठवडे आणि माझ्या चार रजा. परवानगीचं पत्र यात्रेच्या तीन दिवस आधी हातात पडलं, बावीस अटी, मी सगळ्या वाचल्या, आयुष्यात पहिल्यांदा.

मैदानाच्या सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि पहिलाच बैल बाजूला काढला तो तात्यांचा, पुढच्या पायाला सूज होती. तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "पळंल रं, काय न्हाई त्याला, तू सांग की सायबाला." मी नुसतं ठरावाच्या कागदाकडं बोट केलं. तात्या दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण बैल झाडाखाली बांधून सावलीला बसले आणि फायनल तिथनंच बघितली. गट, सेमी, फायनल, सगळं उन्हं कलायच्या आत उरकलं. मुंबईची पोरं आली होती, आण्णांचा मधला ज्याअर्थी अगदी जसाच्या तसा मैदानाच्या कडेला भेळ खात उभा होता.

समालोचकानं सकाळी मैदान सुरू करताना ठराव माईकवर वाचला होता, मीच दिला होता, मला वाटलं लोकांना कळू दे. लोकांच्या लक्षात ठराव राहिला नाही, तो तीन वेळा घोळून म्हटलेला शब्द तेवढा राहिला. तेव्हापासून गावात मला पतसंस्थेतला म्हणत नाहीत. परवा नव्या यात्रेची पहिली मीटिंग होती, मला विट्यातनं यायला उशीर झाला, चप्पल काढत होतो तर आतनं आण्णांचा आवाज आला, "आरं, ज्याअर्थी कुठं ऱ्हायला? फोन लावा त्याला, अर्ज लिव्हायचाय."